पोलीस ठाण्यातील समाजकार्य : मुंबईतील पीडितसाहाय्याच्या प्रशिक्षणाचा आरंभ

अपराधाशी निगडित अशा समाजकार्याचे शिक्षण आपल्याकडे प्रथम अपराध्याच्या बाजूने सुरू झाले. ज्याच्यावर अपराध घडला त्याचा विचार त्या शिक्षणात पुष्कळ काळ शिरलाच नाही. १९३६ साली मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था निघाली, आणि १९४४ मध्ये तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. या काळात मुंबई प्रांतात जे कायदे होते, म्हणजे १९२४ चा बालकांविषयीचा कायदा आणि १९३८ चा अपराध्यांच्या परिविक्षेचा कायदा, त्यांचा रोख निराधार वा वाट चुकलेल्या मुलाला सांभाळण्याकडे आणि प्रथमच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगापासून दूर ठेवण्याकडे होता. साहजिकच परिविक्षा अधिकारी, बालगृहांचे अधीक्षक, तुरुंगाधिकारी हे या शिक्षणाचे मुख्य अधिकारी ठरले. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ म्हणून वॉल्टर रेकलेस भारतात आले. त्यांच्या भेटीत तुरुंगाधिकाऱ्यांचे प्रशिक्षणवर्ग याच संस्थेत भरले, आणि त्याच सुमारास अपराधशास्त्र व सुधारप्रशासन या विषयाचा स्वतंत्र विभागही तेथे सुरू झाला. शिक्षेऐवजी सुधारणा हे तत्त्व रुजविण्याचे त्या पिढीचे कार्य लहान नव्हे. परंतु त्या अभ्यासक्रमात पीडित व्यक्ती भेटते ती फिर्यादी म्हणून किंवा साक्षीदार म्हणून. तिच्याशी कसे बोलावे हा शिकविण्याचा विषय मानला गेलेला नव्हता.

पीडित स्त्रीला आधार देणारे महाराष्ट्रात कोणी नव्हते, असा याचा अर्थ नाही. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ चे आणि अण्णासाहेब कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. मात्र या संस्थांनी घराबाहेर पडलेल्या स्त्रीला आसरा व विद्या दिली. सरकारी चौकीत तिच्या शेजारी उभे राहण्याचे काम त्यांच्या कक्षेत येत नव्हते, आणि त्या काळी येणे शक्यही नव्हते.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो एका चौकीतच. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारात अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ ची फौजदारी कायद्यातील दुरुस्ती घडवून आणली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि पती व सासरच्या मंडळींकडून होणारा छळ दखलपात्र गुन्हा ठरला.

येथे एक विसंगती दिसते. पोलीस ठाण्याविषयी इतका अविश्वास निर्माण झालेला असता पीडितेच्या साहाय्याचे केंद्र ठाण्यापासून जितके दूर तितके बरे, असा निष्कर्ष निघावयास हवा होता. प्रत्यक्षात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष उघडला तो मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातच. याचे कारण व्यवहारात शोधावे लागते. नवे कलम आल्याने स्त्रीला ठाण्याची पायरी चढणे भागच झाले. आणि ‘घरगुती भांडण’ म्हणून अदखलपात्र नोंद करून तिला परत पाठविण्याची ठाणे अंमलदाराची सवय कलमाने मोडणारी नव्हती. जेथे तिला परत पाठविले जाई तेथेच कोणीतरी बसलेले असणे आवश्यक होते.

कक्षाची रचना हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. जागा पोलिसांची, पण कार्यकर्ती संस्थेची आणि तिच्यावरील व्यावसायिक देखरेखही संस्थेची. यामुळे तिला पोलिसांचे वजन वापरता येई, परंतु तिने कोणते प्रकरण कसे मिटवावे हे पोलीस निरीक्षक ठरवू शकत नसे. ती पोलीस खात्याची नोकर असती तर तिचे काम तक्रारींची संख्या कमी करण्याचे झाले असते. केवळ बाहेरची असती तर तिच्या पत्राची दखल ठाण्याने घेतली नसती. महाविद्यालयातील प्रात्यक्षिक कार्याला जो दुय्यम दर्जा दिला जातो तो पाहता, एका शिक्षणसंस्थेने सत्तेच्या जागी जाऊन स्वतःचा अभ्यासक्रम घडवावा ही गोष्ट लक्षणीय आहे.

कारण या कामाचा तयार अभ्यासक्रम नव्हताच. समाजकार्याच्या पदवीधरांना व्यक्तिसहाय्यकार्य शिकविले जाई, आणि ती पद्धती प्रामुख्याने अमेरिकेतून आलेली. व्यक्तीने परिस्थितीशी जुळवून घ्यावे, कुटुंब एकत्र राहावे, ही तिची सहजप्रवृत्ती होती. १९८४ मध्येच संमत झालेल्या कुटुंब न्यायालय कायद्याचे उद्दिष्टही समेटाला उत्तेजन देण्याचे होते, आणि त्या न्यायालयांत समुपदेशनासाठी याच विद्याशाखेचे पदवीधर पुढे गेले. एकाच शिक्षणातून बाहेर पडलेल्या दोन कार्यकर्त्यांपैकी एकाला संसार सावरावयाचा होता, तर दुसऱ्याला मार थांबवावयाचा होता. ही दोन उद्दिष्टे पुष्कळदा एकमेकांआड येतात. मार खाल्लेल्या स्त्रीला ‘जुळवून घ्या’ म्हणणे हा सल्ला नसून तिच्यावरील जबरदस्तीत भर आहे, हे कक्षातील कार्यकर्त्यांना प्रत्यक्ष कामात नव्याने शिकावे लागले. त्यासाठी आधीचे काही विसरावेही लागले. स्त्रियांपैकी अनेकींना घर सोडावयाचे नसते, मारहाण थांबावयास हवी असते. म्हणून पती व सासरच्या मंडळींना बोलावून संयुक्त बैठक घ्यावयाची, पण वाटाघाट हिंसा थांबविण्याबद्दल करावयाची, हिंसेच्या कारणांबद्दल नव्हे. याखेरीज तिचे स्त्रीधन पोलिसांच्या मदतीने परत मिळविणे, निवारा शोधणे, वकिलाकडे पाठविणे, ठाण्याशी पत्रव्यवहार करणे ही कामे होतीच.

प्रशिक्षणातील अवघड प्रश्न नोंदींचा आहे. वकिलाने अशिलाकडून ऐकलेली गोष्ट १८७२ च्या पुरावा कायद्याने सुरक्षित ठेवली होती; समाजकार्यकर्तीने ऐकलेल्या गोष्टीस तसे संरक्षण त्यात नव्हते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या अधिनियमातही नाही. न्यायालयाने मागविल्यास तिची वही हजर करावी लागते. तीत लिहिलेले एखादे निष्काळजी वाक्य, जसे ‘बाई रागीट वाटली’, उलटतपासणीत त्या स्त्रीविरुद्धच उभे राहू शकते. म्हणून ऐकण्याइतकेच लिहिणे शिकविणे प्राप्त होते.

२९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने अपराधपीडितांच्या न्यायाविषयीची मूलतत्त्वे जाहीर केली. पोलीस, न्याय, आरोग्य व समाजसेवा या खात्यांतील सेवकांना प्रशिक्षण द्यावे असे तीत म्हटले आहे. मुंबईतील प्रयोग त्यापूर्वीचा. आरोग्याच्या क्षेत्रात मात्र असा प्रयोग होण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. सेहत ही संशोधनसंस्था व मुंबई महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले आणि रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका व इतर सेवकांनाच प्रशिक्षक म्हणून तयार केले. ‘जिन्यावरून पडले’ म्हणून आलेल्या स्त्रीला पुढचा प्रश्न कोणी व कसा विचारावा, हे तेथील शिक्षणाचे मर्म होते.

२००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विशेष कक्षांची योजना आपल्याकडे घेतली. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी संमत होऊन २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्याखालील नियमांत समुपदेशनाविषयी एक उल्लेखनीय तरतूद आहे : प्रतिवादीस आपल्या हिंसेचे समर्थन समुपदेशनात मांडता येणार नाही, आणि ही गोष्ट त्यास आरंभीच सांगावयाची. कक्षातील बैठकांचे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत दिसते. प्रशिक्षणाविषयी हेच नियम फार कमी बोलतात. वादाशी हितसंबंध असलेली व्यक्ती किंवा प्रतिवादीचा वकील समुपदेशक नसावा आणि समुपदेशक शक्यतो स्त्री असावी, एवढे नेमणुकीचा नियम सांगतो. तिने काय शिकलेले असावे याचा उल्लेख त्यात नाही. संरक्षण अधिकाऱ्यांच्या बाबतीत तर अनेक राज्यांनी अन्य पदांवरील अधिकाऱ्यांकडेच हे काम अतिरिक्त म्हणून सोपविले. ज्या अधिकाऱ्याकडे आधीच दुसऱ्या खात्याच्या फायली होत्या त्याच्याच मेजावर त्या स्त्रीचा अर्ज येऊन पडू लागला.