दिमोना

दिमोना : इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील, बीरशेबाच्या आग्नेयेस सुमारे 35 किलोमीटरांवर वसलेले नगर. बायबलमधील यहोशवाच्या ग्रंथात यहूदा वंशाच्या दक्षिण सीमेवरील गावांत हे नाव येते व तेच 1955 मध्ये नव्या वसाहतीस देण्यात आले. परंतु मराठी वाचकास या नगराचे अगत्य वाटावे ते, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून मुंबईमार्गे गेलेल्या बेने इस्रायल या मराठीभाषी यहुदी समाजाची तेथे मोठी वस्ती आहे म्हणून.

दक्षिणेचा उजाड मुलूख आबाद करावा, ही पंतप्रधान बेन-गुरियन यांची धारणा होती. तिला अनुसरून प्रथम मोरोक्को व उर्वरित उत्तर आफ्रिकेतील कुटुंबे येथे आणली गेली आणि पुढे भारतातील आली. वस्तीचे ठिकाण निवडण्याची मुभा नवागतांस बहुधा नसे. सरकारदरबारी जी तजवीज होई ती शिरोधार्य मानणे भाग पडे. ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात तेलघाणे चालवून, शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनिवार तेली’ हे नाव मिळविले, आणि ज्यांच्या पुढील पिढ्यांनी पलटणीत, रेल्वेत व मुंबईच्या कचेऱ्यांत हयात घालविली, त्यांस येथे कापडगिरण्यांत आणि मृत समुद्राकाठच्या क्षारकारखान्यांत गुजराण करावी लागली. नजीकच्या अणुसंशोधन केंद्रामुळे दिमोनाचे नाव जगभर झाले खरे, पण वसाहतीचा प्रपंच या श्रमिकांच्याच खांद्यावर उभा राहिला.

स्थलांतराहून दुःसह ठरली ती धर्मपीठाची शंका. 1962 मध्ये मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांच्या विवाहसंबंधांत पूर्वजांच्या वंशाची चौकशी करण्याचा दंडक घातला; ज्यांनी शतकानुशतके सुंता, शब्बाथ व आहारविषयक निर्बंध पाळले, त्यांच्याच यहुदीपणाची रुजुवात मागण्यात आली. या अन्यायाविरुद्ध समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरला आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांस सर्वार्थाने यहुदी मानण्याचा ठराव केला. आंदोलनाच्या रेट्याखेरीज हे घडले नसते, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

सामुदायिक जीवनाचे केंद्र प्रार्थनामंदिर असले, तरी खरा जिव्हाळा मलिद्याच्या विधीत दिसतो. नवस फिटला, विवाह ठरला किंवा नव्या घरात पाऊल पडले की गोड पोहे, खोबरे व फळे यांचे तबक मांडून एलियाहू हन्नाबीचे (प्रेषित एलियाचे) स्तवन करावे, ही कोकणातून नेलेली रीत आजही चालते. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी ग्रामनामांकित आडनावे, लग्नाआधीची मेंदी आणि क्रिकेटचा शौक हीही तिकडचीच शिदोरी. ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक इस्रायलातून निघत आले आहे. घरात मराठी व बाजारात कन्नड बोलणाऱ्या धारवाडकरांस मराठी व हिब्रू अशा या द्विभाषिक संसाराचे नवल वाटू नये; कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी आणि काव्यकीर्ती कन्नडची, हे त्यांच्या गावचेच उदाहरण आहे. भेद इतकाच की धारवाडास महाराष्ट्र हाकेच्या अंतरावर आहे, दिमोनास नाही.

1969 मध्ये दिमोनास शहराचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील कृष्णवर्णीय हिब्रू पंथीयांचे आगमनही झाले. बेने इस्रायलांच्या नव्या पिढीची भाषा हिब्रू झाली असून मराठी मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली आहे. ती ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम मराठी विद्यापीठांनी हाती घ्यावे, आणि सीमेवरील बोलींचा अभ्यास करू शकणाऱ्या धारवाडच्या अभ्यासकांनी त्यात मागे राहू नये.