दगडांची बखर : दौलताबाद ते लोणार

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बादशहा, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. सनावळ्या पाठ केल्या की मार्क मिळतात, हे खरेच. पण ज्या जमिनीवर हा सारा इतिहास घडला, त्या जमिनीलाही स्वतःचा इतिहास आहे, याची कल्पना शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलालाही क्वचितच असते. पालकहो, शाळेकडून सहलीचे संमतिपत्र घरी आले की तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो तो खर्चाचा. आणि मुलगी असेल तर दुसरा विचार, तिला पाठवावे की नाही हा. या दोन्ही विचारांना मी नावे ठेवणार नाही. केवळ खडक पाहण्यासाठी काढलेल्या सहलीत मुले नेमके काय पाहतात, एवढे तुमच्यापुढे मांडतो. निर्णय तुमचाच आहे.

सुरुवात दौलताबादपासून करू. औरंगाबाद शहरापासून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हा किल्ला सुमारे १५ किलोमीटरवर आहे. यादवांची देवगिरी, १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी करून दौलताबाद केलेली, हे सारे पुस्तकात आहे. पण किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहा. सुमारे ६०० फूट उंचीची ही टेकडी. तिचा खालचा दीडशे फुटांचा भाग माणसांनी छिन्नी-हातोड्याने उभा तासून काढला आहे आणि भोवतीचा खंदकही खडकातच खोदला आहे. तटाची भिंत बांधण्याऐवजी डोंगरच तासून तिची भिंत केली! हे जमले, कारण खडक तसा होता. वाळूच्या किंवा मातीच्या टेकडीवर हा बेत पहिल्याच पावसाळ्यात कोसळला असता.

हा खडक म्हणजे बेसाल्ट, आपल्या बोलीत काळा फत्तर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा बाहेर पडून पाण्यासारखा पसरला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा ज्वालामुखी येथे मनात आणू नये. एक थर पसरे, थंड होई, काही काळाने त्यावर दुसरा येई. असे थरावर थर साचत गेले. सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापला आहे. थरांच्या कडा झिजून डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला, म्हणून पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. आपल्याकडे हिंडून दख्खनच्या खडकांचे पहिले पद्धतशीर वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३०च्या दशकात प्रसिद्ध केले.

सहा कोटी साठ लाख हा आकडा मुलांच्या तोंडी सहज बसतो, डोक्यात मात्र शिरत नाही. त्यासाठी वर्गात एक हिशेब करून घेतो. वर्षाला एक पान लिहिले आणि पाचशे पानांचा एक ग्रंथ बांधला, तर १ लाख ३२ हजार ग्रंथ होतील. यादवांच्या देवगिरीपासून आजपर्यंतची सगळी हकीकत त्यांतल्या शेवटच्या दोन ग्रंथांत मावते. हा हिशेब फळ्यावर झाला की वर्ग थोडा वेळ शांत असतो.

एका सहलीत एका विद्यार्थिनीचे वडील सोबत आले होते. आले ते मुलीच्या काळजीने. उभा जन्म विहिरी खोदण्यात गेलेला. घाटरस्त्याच्या कापापाशी आम्ही पुस्तकातली नावे सांगू लागलो, तेव्हा ते पुढे झाले आणि बोटाने एकेक थर दाखवू लागले. हा काळा फत्तर, याला सुरुंगच लागतो. हा त्यावरचा भोकाभोकांचा, हाताला हलका, तो मांजऱ्या. याला पहार लागते आणि पाणी बहुधा यातच मिळते. हा वरचा मुरूम. आणि मधला हा तांबडा पट्टा, गेरूसारखा. मुलांनी वहीत दोन रकाने आखले. एकात पुस्तकातले शब्द, दुसऱ्यात त्यांचे. लाव्ह्यातून वायूचे बुडबुडे निघताना थराचा वरचा भाग सच्छिद्र झाला, हे पुस्तकाने सांगितले. त्या भागात पाणी लागते, हे त्यांनी. तांबडा पट्टा म्हणजे दोन थरांच्या मधल्या काळात झिजलेली आणि पुढच्या थराने भाजून काढलेली माती. माझ्या मते त्या दिवशीचे खरे शिक्षक तेच होते.

ही गोष्ट नुसत्या कुतूहलाची नाही. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. आज मराठवाड्यात किती घरांनी कर्ज काढून बोअर घेतली आणि त्या कोरड्या गेल्या! अखंड काळ्या फत्तराच्या पोटात पाणी नसते. ते असते भेगांत, सांध्यांत, मुरमात आणि झिजलेल्या मांजऱ्या खडकात. ते थर कोठे आहेत हे न पाहता नुसते खोल जाऊन पैसा जिरतो, पाणी लागत नाही.

आणि हे ज्ञान येथे जुनेच आहे. १६१०च्या सुमारास मलिक अंबरने खडकी शहर वसवले. नावातच खडक! हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, हे आपण शिकवतो. त्याच्या गनिमी काव्याचेही कौतुक करतो. त्याने शहराला पाणी कसे दिले, हे मात्र एका ओळीत उरकतो. शहराच्या उत्तरेस डोंगर आहेत. पावसाचे पाणी त्यांच्या पायथ्याच्या झिजलेल्या थरांत मुरते आणि खालच्या घट्ट खडकावर अडून राहते. मलिक अंबरच्या लोकांनी जमिनीखालून कालवा खोदला, हे मुरलेले पाणी त्यात गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ना मोट, ना रहाट. वाटेत हवेसाठी व सफाईसाठी झरोके ठेवले. हीच ती नहर-ए-अंबरी. पुढे याच धर्तीच्या आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीवर जाते फिरवणारे पाणी त्यांतल्याच एकीचे. बीबी का मकबऱ्याचा संगमरवर राजस्थानातून गाड्यांवर लादून आणावा लागला, कारण तो या मातीत नाहीच. पाण्याच्या बाबतीत तशी आयात शक्य नव्हती. जे होते ते याच खडकातून काढायचे होते. नहरींचे बरेच भाग आज बुजले आहेत, काहींवर वस्ती झाली आहे. मुलांना त्या दाखवायच्या तर आताच दाखवल्या पाहिजेत.

वेरूळविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे तुम्ही गेलाच असाल. ३४ लेणी एकाच कड्यात आहेत आणि कैलास लेणे आठव्या शतकात वरून खाली कोरत आणले आहे. पुढच्या खेपेस मूर्तींबरोबर मागची कडाही पाहा. थरांचे सांधे दिसतील आणि पावसाळ्यात कोणत्या सांध्यातून पाणी झिरपते तेही कळेल.

तेथल्या ओढ्यात मुलांना एक काम देतो. धबधब्याच्या पायथ्याशी, मग थोडे खाली, मग आणखी खाली, असे तीन ठिकाणचे दहा-दहा गोटे सुतळीने मोजायचे. मोजून झाले की अल्-बिरुनीचे नाव सांगतो. ९७३ साली ख्वारिझममध्ये जन्मलेल्या या विद्वानाने हिंदुस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात, १०३०च्या सुमारास, हेच निरीक्षण नोंदवले आहे : डोंगराजवळ नदीतले गोटे मोठे, पुढे लहान, आणि समुद्राजवळ नुसती वाळू. त्यावरून त्याने अनुमान काढले की उत्तरेचे विस्तीर्ण मैदान एके काळी समुद्र होते आणि नद्यांच्या गाळाने ते भरून आले. तो दख्खनमध्ये आला नव्हता. पण त्याची रीत आपल्या ओढ्यातही चालते.

दुसरा दिवस लोणारचा. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर सुमारे १,८०० मीटर व्यासाचे आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या वर्णनात या जागेची नोंद केली आहे, आणि काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात असेही लिहिले आहे. खारे पाणी तेव्हाही सरकारला महसूल देत होते! इंग्रज अधिकारी अलेक्झांडर येथे १८२३ साली आला. पुढे शंभरावर वर्षे हे ज्वालामुखीचे मुख की आकाशातून पडलेल्या अशनीची खूण, हा वाद चालला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही अशी काच येथील खडकात सापडल्याचे दाखवून दिले गेले आणि अशनीचा पक्ष सिद्ध झाला. विवराच्या वयाबद्दल अजून एकमत नाही. कोणी ते ५० हजार वर्षांच्या आसपास मानतात, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत ५ लाख ७० हजार वर्षे आले. विद्यार्थिमित्रांनो, पुस्तकात ज्याचे उत्तर अजून पक्के छापलेले नाही असा प्रश्न स्वतः काठावर उभे राहून पाहायला मिळणे, ही संधी थोडी नव्हे. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या तळ्याची रामसर यादीत नोंद झाली.

निघण्यापूर्वी तयारीच्या चार गोष्टी. सहल पावसाळा सरल्यावर काढावी. ओढ्यात पाणी असते आणि कडे धुतलेले असतात. पायांत बूट, सोबत वही, सुतळी, भिंग आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. किल्ला, लेणी आणि विवर येथून खडा उचलून आणू नये. ही संरक्षित स्थळे आहेत. नमुने हवेत तर गावाजवळच्या खाणीवर मालकाला विचारून घ्यावेत. मुलींबरोबर शिक्षिका असतातच. एखाद्या आईला किंवा वडिलांना यायचे असेल तर बसमध्ये जागा ठेवली जाते. आणि घरात कोणी विहिरीच्या, खाणीच्या किंवा पाथरवटाच्या कामावर असेल, तर त्यांना अवश्य पाठवा. वहीतला दुसरा रकाना त्यांच्यासाठी मोकळा ठेवलेला असतो.