व्हॉलीबॉल : गुणपद्धती आणि सामन्याचा कालावधी

व्हॉलीबॉलचा सामना घड्याळावर चालत नाही. फुटबॉल किंवा कबड्डीत ठरलेली मिनिटे भरली की शिट्टी वाजते. इथे मात्र एका संघाने ठरलेले सेट जिंकेपर्यंत खेळ संपत नाही. साहजिकच, गुण कोणाला आणि केव्हा द्यायचा या नियमावर सामन्याची लांबी ठरते.

प्रचलित आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाचांपैकी तीन सेट जिंकणारा संघ विजयी होतो. पहिले चार सेट २५ गुणांचे, तर निर्णायक पाचवा १५ गुणांचा असतो. सेट घेण्यासाठी किमान दोन गुणांची आघाडी लागते. प्रत्येक रॅलीला एक गुण मिळतो, मग सर्व्हिस कोणाचीही असो. सर्व्हिस झेलणाऱ्या संघाने रॅली जिंकली, तर गुणाबरोबर सर्व्हिसही त्याच्याकडे येते आणि त्याचे खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. याला ‘रॅली पॉइंट’ पद्धती म्हणतात. शिस्तभंगापोटी दिलेले गुण वगळता, फलकावरच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजेच खेळल्या गेलेल्या रॅली. २५-२३ असा सेट ४८ रॅलींचा.

पूर्वी असे नव्हते. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे हा खेळ बसवला, तेव्हा तो नऊ डावांचा होता. पुढे १५ गुणांचा सेट रूढ झाला आणि विसावे शतक संपेपर्यंत टिकला. या जुन्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळे. समोरच्याने रॅली जिंकली तर केवळ सर्व्हिस बदले. फलक जागचा हलत नसे.

याचा वेळेवर होणारा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, दोन तुल्यबळ संघ आहेत आणि सर्व्हिस करणारा संघ दर तीन रॅलींपैकी एकच जिंकतो. वरच्या दर्जाच्या खेळात पहिला फटका मारण्याची संधी झेलणाऱ्या संघाला मिळते, म्हणून ही कल्पना अवास्तव नाही. अशा वेळी एका गुणामागे सरासरी तीन रॅली पडतात. म्हणजे १५-१३ चा सेट सुमारे ८४ रॅलींचा होईल. तोच सामना रॅली पॉइंटवर २५-२३ असा झाला, तर ४८ रॅलींत सेट आटोपतो. सर्व्हिस करणाऱ्याचे यश निम्म्यावर आले, तर जुन्या पद्धतीच्या त्या सेटला ५६ रॅली पुरतील. थोडक्यात, पासिंग आणि स्मॅश जितके चोख, तितका जुना सामना लांबत जाई. खेळाचा दर्जा वाढावा आणि त्यापायी प्रेक्षक मात्र गोठलेल्या फलकाकडे पाहत बसावा, हा या पद्धतीचा खरा दोष होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पोलंडने सोव्हिएत संघाला ११-१५, १५-१३, १२-१५, १९-१७, १५-७ असे हरवले. यातला १९-१७ चा चौथा सेट नेमक्या किती रॅलींचा होता, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही.

दूरचित्रवाणीला असा बेभरवशाचा सामना परवडत नव्हता. पहिला बदल १९८८ नंतर आला : निर्णायक पाचव्या सेटला प्रत्येक रॅलीचा गुण लागू झाला आणि आधीच्या सेटना १७ गुणांची मर्यादा घातली गेली. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने सर्वच सेटसाठी रॅली पॉइंट स्वीकारला. २००० चे सिडनी ऑलिंपिक हे या पद्धतीने खेळलेले पहिले. आता तीन सेटचा सामना साधारण सव्वा ते दीड तासात, तर पाच सेटचा दोन तासांच्या आसपास किंवा थोडा पुढे संपतो.

यात काही गमावलेही. जुन्या पद्धतीत ५-१४ असा मागे पडलेला संघही समोरच्याची सर्व्हिस पुन्हा पुन्हा मोडत तग धरू शके. मागे पडून सामना फिरवण्याचा तो थरार विरळ झाला. आता १५-२४ वर सलग नऊ रॅली जिंकल्याशिवाय बरोबरी नाही. सर्व्हिस नेटमध्ये गेली तर पूर्वी फक्त ती हातची जाई, आज समोरच्याला थेट गुण मिळतो. तरीही बदल योग्यच होता, कारण प्रत्येक रॅलीला मोल आले.

कालावधीची अनिश्चितता पूर्ण गेलेली नाही. दोन गुणांच्या आघाडीला वरची मर्यादा नसल्याने कोरियाच्या लीगमध्ये २०१३ साली एक सेट ५६-५४ पर्यंत गेला. म्हणून आखूड सेटचे प्रयोग सुरूच आहेत. २०१७ ची २३ वर्षांखालील पुरुषांची जागतिक स्पर्धा १५ गुणांच्या सात सेटवर खेळवली गेली. २०२२ मध्ये सुरू झालेल्या भारतातील प्राइम व्हॉलीबॉल लीगनेही १५ गुणांचा सेट घेतला. इथे १४-१४ वर पुढची एकच रॅली सेटचा निकाल लावते, तर ‘सुपर पॉइंट’ मागून जिंकलेली रॅली दोन गुण देते.