कोलोनचें कॅथीड्रल

एखादी प्राचीन वास्तु पाहिली म्हणजे ती कोणीं बांधली असा प्रश्न आपण सहज विचारतों, आणि एखाद्या राजाचें वा धर्मगुरूचें नांव कानीं पडलें कीं आपलें समाधान होतें. ऱ्हाइन नदीच्या तीरावरील कोलोन शहरांत जें भव्य कॅथीड्रल आहे त्याच्याविषयीं मात्र असें एक नांव सांगून भागत नाहीं. त्याचा पाया इ. स. १२४८ मध्यें घातला गेला व कळस १८८० मध्यें चढला. या ६३२ वर्षांत राज्यें बदललीं, धर्मांत फूट पडली, लोकांची अभिरुचि पालटली. तरी वास्तु एकच राहिली. ही गोष्ट कशी घडली हें पाहणें बोधप्रद आहे.

ज्या देवालयांत बिशपाचें धर्मासन असतें त्यास कॅथीड्रल म्हणतात. ११६४ मध्यें आर्चबिशप राइनाल्ड यानें, बादशहा फ्रेडरिक बार्बारोसानें जिंकलेल्या मिलान शहरांतून कांहीं अस्थि कोलोनला आणल्या. बाल येशूच्या दर्शनास पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या त्या अस्थि अशी श्रद्धा होती. यात्रेकरूंची रीघ लागली. अस्थींसाठीं सुवर्णमंडित मंजूषा घडविण्यांत आली. तिला साजेसें मंदिर हवें, म्हणून १२४८ सालीं, जुनी इमारत जळाल्यावर, १५ ऑगस्ट रोजीं आर्चबिशप कोनराडनें नव्या पायाचा दगड बसविला. स्थपति गेरहार्ड याच्यापुढें फ्रान्सांतील आमियां येथील कॅथीड्रलचा आदर्श होता. टोंकदार कमानी आणि बाहेरून दिलेले धिरे यांनीं छताचा भार पेलल्यामुळें भिंतींच्या जागीं उंच रंगीत खिडक्या बसवितां आल्या.

१३२२ मध्यें पूर्वेकडील वेदीचा भाग पूर्ण झाला व पश्चिमेस तात्पुरती भिंत उभारून तेथें पूजाअर्चा सुरू झाली. ही तात्पुरती भिंत पाडण्यास १८६३ साल उजाडलें! मध्यंतरीं, १५६० मध्यें, पैसा मिळेनासा होऊन काम थांबलें. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर दगड चढविण्याची लांकडी यारी तशीच राहिली आणि तीनशें वर्षें तीच शहराची खूण बनली. १७९४ मध्यें फ्रेंच सैन्य आलें, तेव्हां मंदिराचें कोठार झालें.

पश्चिम दर्शनी भागाचा चर्मपत्रावरील सुमारें चार मीटर उंचीचा मूळ आराखडा या धामधुमींत नाहींसा झाला होता. त्याचा एक अर्धा भाग १८१४ मध्यें डार्मश्टाट येथें व दुसरा १८१६ मध्यें पॅरिस येथें सांपडला. नेपोलियनच्या पाडावानंतर जर्मन ऐक्याची आकांक्षा जागी झालेली होती. या अपुऱ्या मंदिरांत तिला आपलें प्रतीक दिसलें. १८४२ मध्यें प्रशियाच्या प्रॉटेस्टंट राजानें, चौथ्या फ्रेडरिक विल्यमनें, कॅथलिकांच्या या मंदिराची पुन्हां पायाभरणी केली. खर्चाचा अर्ध्याहून अधिक वाटा लोकांच्या मंडळानें उचलला. सर्वांस हें रुचलें असें नाहीं. कवि हाइन यानें १८४४ मधील एका काव्यांत या उद्योगाची हेटाळणी केली. मंदिर अपुरें राहिलें हेंच त्याच्या मतें जर्मन विचारस्वातंत्र्याचें स्मारक होतें.

१५ ऑक्टोबर १८८० रोजीं बादशहा पहिला विल्यम याच्या उपस्थितींत पूर्तीचा सोहळा झाला. १५७ मीटर उंचीचे ते मनोरे त्या वेळीं जगांत सर्वांत उंच होते. परंतु ज्यांचें धर्मासन तेथें होतें ते आर्चबिशप मेल्खर्स मात्र सोहळ्यास नव्हते. बिस्मार्कच्या सरकारशीं कॅथलिक धर्मसंस्थेचा जो कलह चालला होता त्यामुळें ते परदेशीं आश्रयास गेले होते. धर्मगुरूंनीं आरंभिलेलें कार्य त्यांच्या प्रतिपक्षानें पुरें केलें, यापरता दैवदुर्विलास कोणता?

तथापि आम्हांस यांत एक समाधानाची बाजू दिसते. पूर्ण करणारांचे हेतु राजकीय होते, छताचा सांगाडा त्यांनीं लोखंडाचा केला. पण दर्शनी भागांत स्वतःची कल्पना न चालवितां ते जुन्या आराखड्याशीं प्रामाणिक राहिले. म्हणूनच त्यांचें राजकारण मावळल्यावरहि त्यांचें काम टिकलें. दुसऱ्या महायुद्धांत चौदा मोठे बाँब मंदिरावर पडले, भोंवतालचें शहर उद्ध्वस्त झालें, तरी मनोरे उभे राहिले. १९५६ पर्यंत दुरुस्ती झाली, आणि १९९६ मध्यें जागतिक वारशांत त्याची गणना झाली. झिजलेले दगड बदलण्याचें काम तेथें अद्यापि अखंड चालू आहे. पूर्वजांचा वारसा संभाळणारानें त्यांचे सर्व हेतु मान्य केलेच पाहिजेत असें नाहीं. त्यांच्या कृतीचा आराखडा मात्र त्यानें आदरपूर्वक वाचला पाहिजे.