मारिओच्या मिशा

मारिओला मिशा आल्या त्या यंत्राच्या गरिबीमुळे. 1981 साली निन्टेन्डो या जपानी कंपनीत शिगेरू मियामोटो ‘डाँकी काँग’ या खेळाचा नायक रेखाटीत होते, तेव्हा त्या नायकाच्या वाट्याला पडद्यावर सोळा ठिपक्यांची उंची आणि मोजके दोन-तीन रंग आले होते. एवढ्याशा जागेत तोंड काढावे कसे? म्हणून नाकाखाली मिशा आल्या. केसांची ठेवण दाखवणे कठीण, म्हणून डोक्यावर टोपी आली. धावताना हात अंगाहून निराळे दिसावेत, म्हणून सदरा एका रंगाचा आणि खांद्यावर पट्टे घेतलेली कामगाराची विजार दुसऱ्या रंगाची झाली. जगातील बहुधा सर्वांत ओळखीचा हा खेळगडी असा अडचणीतून घडला.

त्या खेळाचा जन्मही फसलेल्या सौद्यातला. 1889 मध्ये क्योटो शहरात हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनविण्यासाठी निघालेल्या या कंपनीने ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे अमेरिकेत विकावयास ठरविली. त्यांतील दोन हजारांच्या आसपास न खपता पडून राहिली. त्याच पेट्यांत नवा खेळ बसवावयाचा होता. पोपायला नायक करण्याचा बेत होता, परवाना मिळाला नाही. मग एक वानर, एक सुतार आणि पळवून नेलेली एक युवती, एवढ्या भांडवलावर काम भागले. सुताराला आधी नुसते ‘जंपमन’ म्हणत. पुढे कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांचे नाव त्याला मिळाले. गोदामाच्या मालकाचे नाव अजरामर होण्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे!

1983 च्या ‘मारिओ ब्रदर्स’ मध्ये सुताराचा नळजोडणी कामगार झाला आणि त्यास लुइजी हा भाऊ मिळाला. भाऊ तरी कसला? मारिओच्याच आकृतीचा रंग बदलला की लुइजी. थोरल्याचे कपडे धाकट्याने वापरावेत, तसाच हा प्रकार. आम्ही घरात धाकटे असल्याने ही गोष्ट आम्हांस पुढे वाचावयास मिळाली तेव्हा मुळीच नवल वाटले नाही.

1985 च्या सप्टेंबरात आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्रही आज त्याहून कितीतरी अधिक जागा घेते. जागा वाचविण्यासाठी त्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे एकच ठेवली आहेत. ढग पांढरा, झुडूप हिरवे, एवढाच फरक. शेकडो वेळा खेळूनही हे आमच्या ध्यानात आले नव्हते. अळिंबी खाऊन उंच होणारा आणि कासवांना लाथाडीत जाणारा नायक आम्हांस वेडगळ वाटत नसे. खेळच तो.

आमच्या घरी मारिओ आला तो 1990 च्या दशकात, मूळ यंत्राच्या स्वस्त नकलेतून. कॅसेटवर हजारो खेळांचा दावा छापलेला असे. आत तेच वीसेक खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. दूरदर्शन संच एकच, खेळणारे चौघे. दादा मारिओ, आम्ही लुइजी. मारिओ खड्ड्यात पडला की लुइजीची पाळी. तेव्हा दादा पडावा अशी इच्छा मनात असे, आणि तो पडू नये म्हणून ओरडणेही चाले. खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की सातव्या जगापर्यंत मारलेली मजल गेली. पुन्हा पहिल्या ढगापासून आरंभ. वडिलांच्या मते हा डोळ्यांचा आणि अभ्यासाचा सत्यानाश होता, आणि अभ्यासापुरते त्यांचे खरेच होते.

2018 चा ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ आमचा भाचा संगणकावर खेळतो. त्यास दीडशे गिगाबाइट जागा लागते, म्हणजे मारिओच्या पस्तीस लाखांहून अधिक पट. 1899 च्या अमेरिकेतील दरोडेखोरांची ती कथा; नायक क्षयाने खंगत जातो. कानांवर झाकणे लावून, दार लोटून भाचा कित्येक आठवडे ती खेळत होता. कथा संपली त्या रात्री तो जेवला नाही. या खेळांस आम्ही नावे ठेवणार होतो. पण एका काल्पनिक माणसाच्या मरणाने सतरा वर्षांचा मुलगा उपाशी झोपतो, तेथे हलक्या हाताने बोलणे आम्हांस साधले नाही. त्या कथेत आम्हांस पाळी नव्हती, एवढे मात्र खटकले. त्याच्या शेजारी बसून पाहावयासही त्याने बोलावले नव्हते.

गेल्या नाताळात दादा परदेशातून रजेवर आला. जुना मारिओ आजच्या यंत्रांवरही मिळतो हे भाच्याने दाखविले आणि दोन नियंत्रके आमच्या पुढ्यात ठेवली. दादाने न विचारता पहिले उचलले. दुसऱ्याच खड्ड्यात पडला. भाचा हसला, त्याने कानांवरची झाकणे काढून ठेवली आणि आमच्या मधोमध जागा करून बसला. आमचा लुइजी मेला की पुढची पाळी आपली, असे त्याने बजावून ठेवले.