पूर्वचिन्हांची नोंद

महाड आणि पोलादपूर हे तालुके मराठी वाचकाला ठाऊक असतात ते बहुधा पाठ्यपुस्तकातून. रायगड किल्ला आणि चवदार तळे या दोन नावांपाशी आपली ओळख थांबते. ज्ञाननिर्मितीच्या इतिहासात या मुलुखाला काही स्थान असेल, असे आपल्या मनातही येत नाही. संशोधन म्हटले की विद्यापीठ, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि अनुदान यांचीच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. महाबळेश्वरी उगम पावून आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी उतरणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यात यांतले काहीच नाही. तरीही वैद्यकाच्या जागतिक वाङ्मयात ज्याची दखल घ्यावी लागली असे काम याच खोऱ्यात उभे राहिले. त्या कामाच्या निमित्ताने संशोधन म्हणजे नेमके काय, या जुन्याच प्रश्नाकडे पुन्हा पाहावे असे आम्हांला वाटते.

विषय आहे विंचवाचा. कोकणच्या जांभ्या दगडाच्या मातीत, चिऱ्यांच्या गडग्यांत, सरपणाच्या आणि पेंढ्याच्या ढिगांत राहणारा लाल विंचू हा जगातल्या अत्यंत विषारी विंचवांपैकी एक समजला जातो. शास्त्रीय ग्रंथांत तो पूर्वी मेसोबुथस टॅम्युलस या नावाने ओळखला जाई. आता त्यास हॉटेंटोटा टॅम्युलस म्हणतात. मराठी साहित्याला विंचू नवा नाही. एकनाथांचे विंचवावरचे भारूड महाराष्ट्रभर गायिले जाते. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपुरते पाठ असते. मात्र त्या भारुडात दंशानंतर अंगाला आलेल्या घामाचाही उल्लेख आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. रूपकाचा अर्थ लावण्याच्या घाईत आपण घाम ओलांडून पुढे जातो. वैद्यकही कित्येक वर्षे तसेच पुढे जात होते.

लोकमानसात विंचू म्हणजे वेदना. वेदनेवर मंत्र, पाला, अंगारा असे उपाय होतेच. दवाखान्यात बधिर करणारे इंजेक्शन आले. परंतु लाल विंचवाच्या दंशाने माणूस दगावतो तो वेदनेने दगावत नाही. विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात, शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो. हृदयावरचा भार असह्य झाला की फुफ्फुसांत पाणी भरते आणि श्वास कोंडतो. दंशानंतर फुफ्फुसांत पाणी होते, ही गोष्ट डॉ. मुंडले यांनी कोकणातील रुग्णांच्या आधारे 1961 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली होती. इस्राएलमध्ये मोशे गेरॉन यांनी तिकडच्या विंचवाच्या दंशाने हृदयावर होणारे परिणाम अभ्यासले होते. म्हणजे धागे उपलब्ध होते. ते जुळवून रुग्णाच्या खाटेपर्यंत आणणारा कोणी हवा होता.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब घरातून आलेले, नागपुरात वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. सरकारी नोकरीतला तरुण डॉक्टर, भोवती डोंगराळ वाड्या, रात्री-अपरात्री डोलीतून किंवा मिळेल त्या वाहनाने आणलेले रुग्ण, त्यांत मुले पुष्कळ. गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्या काळी दगावत असे. अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीवरची औषधे असे जे प्रचलित उपचार होते, त्यांनी मृत्यू टळत नव्हते. अशा ठिकाणी डॉक्टरने काय करावे? रुग्णाला मोठ्या शहराकडे पाठवून मोकळे होणे हा एक मार्ग होता. वाटेतच मरण येणार, हे ठाऊक असल्यास तो मार्ग उरत नाही.

बावस्करांनी दुसरा मार्ग धरला, तो रुग्णाजवळ बसून राहण्याचा आणि जे दिसते ते वेळेसह लिहून ठेवण्याचा. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. उलटी, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, पुरुष रुग्णांत लिंगाचा ताठरपणा ही चिन्हे ज्यांच्यात लवकर दिसतात, त्यांचे हृदय पुढील काही तासांत धोक्यात येते. केवळ वेदनेने तळमळणाऱ्या, पण ही चिन्हे नसलेल्या रुग्णाला तसा धोका नसतो. 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्याचा विषयच हा होता : लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयविकाराची सूचना देणारी पूर्वचिन्हे. यांतले एकही चिन्ह ओळखण्यास यंत्र लागत नाही. घाम डोळ्यांना दिसतो, गार पडलेला तळवा हाताला कळतो, उलटी झाली हे आई सांगते. पुराव्याची ही सामग्री घरोघरी होती. तिला पुरावा म्हणून वाचणारी दृष्टी नव्हती.

कारण कळल्यावर उपाय शोधता आला. रक्तवाहिन्या आवळल्या जात असतील तर त्या सैल करणारे औषध हवे. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही तोंडाने घ्यावयाची, स्वस्त गोळी नेमके तेच करते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. गोळीचा पहिला परिणाम म्हणून रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. यासाठी रुग्णाला आडवेच ठेवावे, मुलाला आईने उचलून कडेवर घेऊ नये, अशी सूचना या उपचारात असते. ती वाचताना दवाखान्याच्या खोलीत कोण कोण हजर होते, हेही कळते. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण पुढे शंभरात एकाच्या आसपास येऊन ठेपले.

यापुढची पायरी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या गोळीने नाव झाले तीवरच संतुष्ट न राहता बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात एक तुलनात्मक चाचणी केली. 70 रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने पाडलेले पस्तीस-पस्तीसचे दोन गट. एकास नुसते प्राझोसिन, दुसऱ्यास त्याच्या जोडीला हाफकिनची विंचूप्रतिविष लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात 8, दुसऱ्यात 32. हा निबंध 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच शोधाची मर्यादा आपणच मोजून जाहीर करणे ही गोष्ट विद्यापीठांतही फार आढळत नाही. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वृत्तपत्रांनी ‘खेड्यातला डॉक्टर’ म्हणून त्यांचे कौतुक केले. त्या कौतुकात खेडे ही अडचण मानली होती. आमच्या मते खेडे ही या संशोधनाची अट होती. शहरातल्या रुग्णालयात रुग्ण पोचतो तो उशिरा. पूर्वचिन्हांचे तास वाटेतच संपलेले असतात.

येथे ज्योतिषाचे, म्हणजे खगोलशास्त्राचे, उदाहरण आठवते. आकाशात प्रयोग करता येत नाही. ग्रहण घडवून आणता येत नाही. ते येईल तेव्हा जागे राहून वेळ टिपावी लागते, आणि अशा अनेक नोंदींतून पुढचे ग्रहण सांगता येते. महाडहून कशेडी घाट ओलांडला की पलीकडे खेड आणि दापोली लागते. त्याच दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते. फ्लीट यांनी गुप्तकालीन शिलालेखांच्या 1888 च्या ग्रंथात कालनिर्णयासाठी दीक्षितांच्या गणिताचा आधार घेतला आणि 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा बृहत् इतिहास प्रसिद्ध झाला, तो मराठीत. दीक्षित आणि बावस्कर यांच्यात शंभर वर्षांचे आणि विद्याशाखांचे अंतर आहे. रीत मात्र एकच आहे. घटना आपल्या हातात नाही, नोंद आपल्या हातात आहे.

सामाजिक शास्त्राकडे वळले तर महाडचे नाव टाळताच येत नाही. जातिसंस्थेच्या उगमावरचा निबंध 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचणारे आणि 1923 मध्ये लंडनची डी.एस्‌सी. मिळवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा संशोधन आणि कृती यांची भेट झाली. पण त्यानंतरचा दहा वर्षांचा खटलाही संशोधनाच्या विद्यार्थ्याने वाचावा. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असा वादींचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये तो फेटाळला, कारण तशी अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही. परंपरा म्हणून जे ठासून सांगितले जाते, त्याला पुरावा मागितला की काय उरते, याचा हा धडा आहे. आणि त्या संगराचा इतिहास आज लिहिता येतो त्यामागेही स्थानिक नोंद आहे. दासगावशी नाते असलेले, परिषदेच्या संघटकांपैकी एक रा. बा. मोरे यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या नसत्या, तर पुढच्या अभ्यासकांचे हात बरेच रिकामे राहिले असते.

याच दासगावचे नाव पुन्हा ऐकू आले ते जुलै 2005 मध्ये. त्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील 1928 सालचा दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत, जून 2017 मध्ये सुरू झाला. 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळून माणसे दगावली. प्रत्येक वेळी चौकशी झाली, अभियंते आणि भूवैज्ञानिक आले, अहवाल झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी आम्हांला शंका नाही. परंतु हे संशोधन येते ते घटनेनंतर. डोंगरालाही पूर्वचिन्हे असतात. उतारावर भेगा पडतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते, झाडे आणि खांब कलतात. ही चिन्हे पहिल्यांदा दिसतात ती गुराख्याला आणि पाण्याला जाणाऱ्या बाईला. बिरवाडीला त्या खाटेशेजारी वही घेऊन जसे कोणी बसले होते, तसे डोंगराखाली कोण बसलेले असते?

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे हा सारा विषय मांडण्याचे कारण आता सांगावे. आपल्याकडील प्रबंधांत सिद्धान्त आधी येतो, आणि कलाकृती त्याचे उदाहरण म्हणून मागाहून हजेरी लावते. विंचवाचे भारूड वाचताना घाम ओलांडून जाण्याची सवय आपल्याला तशीच लागली आहे. मुलुखाची बोली, तिथली गाणी, म्हातारी माणसे सांगतात त्या हकीकती यांच्याकडे आपण पुष्कळदा उशिरा पोचतो. भाषा बोलणारे गेल्यावर कोश करायला बसतो. बावस्करांनी आपले संशोधन इंग्रजीत लिहिले, कारण जगाला ते त्याच भाषेत वाचता येणार होते. आपले आयुष्य मात्र त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या पुस्तकात मराठीत लिहिले. या दोन लेखनांच्या मधली जागा, म्हणजे रुग्णाने आपल्या बोलीत सांगितलेले लक्षण आणि ‘लॅन्सेट’मधले वाक्य यांच्यामधला प्रवास, हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय आहे. तो अजून कोणी हाती घ्यावयाचा आहे.

आमच्या एका वर्गात गेल्या वर्षी संशोधनपद्धतीचा तास चालू असता विद्यार्थ्याने विचारले की विषय कसा निवडावा. तेव्हा आम्ही ग्रंथसूचीकडे बोट दाखवले होते. आज विचारले तर एवढेच सांगू, की तुमच्या गावात वारंवार काय घडते ते आधी वेळ-वार घालून लिहून आणा. सूची त्यानंतर पाहू.