सुरतेची सराई आणि वेंगुर्ल्याची वखार

वखार म्हटली की आज आपणांस लाकडाची वखार आठवते. सतराव्या शतकात मात्र वखार म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांचे कोठार, कचेरी आणि निवासस्थान असे. डचांनी वेंगुर्ल्यास अशीच एक भक्कम वखार बांधली. पुढे तिचा वापर सुटला, छप्पर गेले, आणि आज केवळ भग्न भिंती उरल्या आहेत.

सुरतेची मुगलसराई टिकली. शहाजहानच्या काळी, १६४४ साली, प्रवाशांसाठी बांधलेली ही वास्तू पुढे तुरुंग झाली आणि १८६७ पासून नगरपालिकेची कचेरी. वाटसरू जेथे उतरत, तेथे कारकुनांची मेजे मांडली गेली. माणसांची वर्दळ हीच वास्तूची खरी राखण होय.

पांडेसऱ्याने याचा विचार करावा. तेथील कापडरंगाईचे कारखाने काही प्राचीन नव्हेत. परंतु खानदेशातून पोटासाठी गेलेल्या आपल्या माणसांचा इतिहास त्यांच्याच छपरांखाली घडला आहे. एखादा कारखाना बंद पडला, तर त्याचे पत्रे भंगारात घालण्याआधी तेथे शिवणकामाचे, भरतकामाचे वा साड्यांच्या घडीकामाचे छोटे गाळे निघतील काय, हे पाहावे.

मात्र नुसते गाळे पाडून भागत नाही. सुरतेतच, सरथाणा येथे, २०१९ साली एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर शिकवणीवर्ग चालत असता आग लागली आणि २२ जीव गेले. जुन्या वास्तूस नवे काम देताना प्रथम सुटकेचे दुसरे दार काढावे. नवी पाटी त्यानंतर लावावी.